दापुरीचा शेतकरी

अकोला शहराच्या पूर्वेस मूर्तिजापूर हे तालुक्याचे गाव आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. पूर्वी येथून एक अरुंद लोहमार्ग उत्तरेस अचलपूरला आणि दुसरा दक्षिणेकडे यवतमाळला जात असे. त्यावरून रमतगमत धावणाऱ्या गाडीला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. हे मार्ग मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी घातलेले होते. याच तालुक्यात, पूर्णा नदीच्या परिसरात, दापुरी नावाचे एक लहानसे खेडे आहे. काळी जमीन, ज्वारीची आणि कपाशीची शेते, बाभळीची झाडे आणि उन्हाळ्यात तापून निघणारे रस्ते, अशी वऱ्हाडातील शेकडो खेडी आहेत. दापुरी त्यांतीलच एक. परंतु येथील एका शेतकऱ्याचे नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले.

हा शेतकरी म्हणजे संत गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र ही त्यांची मूर्ती प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असते. मात्र हा वेष त्यांनी घेतला, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांच्या घरात होते. त्यापूर्वीची वीस-एक वर्षे त्यांनी नांगर धरला, गुरे राखली आणि वावरातील तण काढले. पुढे त्यांनी लोकांना जे जे सांगितले, त्याचे मूळ या वीस वर्षांत आहे. म्हणून त्यांचे थोरपण समजून घ्यावयाचे असेल, तर आधी दापुरीच्या शेतात जावयास हवे.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. घराणे परीट समाजातील होते. वडील झिंगराजी हे कष्टाळू होते. तथापि त्यांना दारूचे व्यसन जडले. देवाला बकरे-कोंबडे बळी द्यावे, त्याचे जेवण घालावे आणि जेवणाबरोबर दारू वाहावी, ही तेव्हाची रीत होती. रीत म्हणून तोंडाला लागलेली दारू पुढे सुटत नाही. झिंगराजींचे शरीर खंगले, घरातील किडूकमिडूक गेले, आणि डेबूजी अवघा सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी जगाचा निरोप घेतला. या पोराला तरी या मार्गापासून दूर ठेव, असे त्यांनी शेवटच्या दिवसांत पत्नीला विनविल्याचे चरित्रकार सांगतात. आता शेंडगावात आधार उरला नव्हता. माउली सखुबाई मुलाला घेऊन दापुरीस आपल्या माहेरी आल्या.

सखुबाईंचे वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभानजी हे दापुरीचे खाऊनपिऊन सुखी असे शेतकरी. घरी जमीन होती, बैल होते, गोठ्यात गाईगुरे होती. डेबूजीला शाळा मिळाली नाही. त्याच्या वाट्याला गोठा आला. परंतु त्या गोठ्यात त्याचे मन रमले. पहाटे उठून शेण काढावे, गोठा झाडून लख्ख करावा, गुरांना पाण्यावर न्यावे, त्यांच्या अंगावरील गोचिडी काढाव्यात, ही कामे त्याला कोणी सांगावी लागत नसत. काही मुले काम आटोपतात आणि काही ते करतात. डेबूजी दुसऱ्या प्रकारचा होता. गुरे राखता राखता तो पूर्णेच्या डोहात पोहावयास शिकला आणि पट्टीचा पोहणारा झाला. रात्री गावातील मुले जमवून तो भजन करी.

थोडा मोठा झाल्यावर त्याच्या हाती वखर आला. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीचा क्रम ठरलेला असतो. उन्हाळ्यात वखराने जमीन उकरून, धसकटे वेचून ती स्वच्छ करावयाची. मृगाचा पाऊस पडला की तिफणीने पेरणी. रोप वर आले की दोन ओळींमधून डवरा फिरवावयाचा आणि ओळीतील तण हाताने निंदावयाचे. पोळ्याला बैलांना विश्रांती. दिवाळीच्या सुमारास कपाशीची बोंडे फुटू लागली की वेचणी, आणि पुढे ज्वारीची सवंगणी व खळे. यांतील कोणत्याही एका कामाला आठ दिवस उशीर झाला, तर वर्ष हातचे जाते. तण वेळेवर निघाले नाही, तर पिकाच्या वाट्याचे पाणी आणि सत्त्व तेच खाऊन टाकते. कचरा दिसला की तो तेथेच आणि तेव्हाच काढावयाचा, हा शेतकऱ्याचा पहिला धडा आहे.

या भागातील शेतीला आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंस दूरवर पसरलेल्या या प्रदेशाला खारपाणपट्टा म्हणतात. येथील भूगर्भातील पाणी खारे आहे. विहीर खोदली, तरी तिचे पाणी बहुधा पिण्यासही चालत नाही आणि पिकासही मानवत नाही. म्हणून शेतकऱ्याने सारी भिस्त पावसावर ठेवावयाची. पाऊस लांबला की पेरलेले बी वाळते. अति झाला की काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. अशा शेतीत एखादे वर्ष भरभरून देते, तर पुढची दोन वर्षे रिकामी जातात.

डेबूजीच्या जन्मापूर्वी काही वर्षे वऱ्हाडात एक मोठा बदल घडून आला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडचा कापूस एकाएकी मोलाचा झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे धावू लागल्या. शेतकऱ्यांनी ज्वारी कमी करून कपाशी वाढविली. हातात रोख पैसा आला. पण युद्ध संपले आणि भाव कोसळले. शेतकऱ्याच्या गरजा मात्र वाढल्या त्या वाढल्याच. सरकारचा सारा रोख भरावा लागे. बी, बैल, लग्नकार्य यांनाही रोकड लागे. ज्वारी घरात असली तर माणूस खाऊ शकतो. कापूस खाता येत नाही. तो विकून पैसा हाती येईपर्यंत घर चालवावयाचे, तर सावकाराच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर नसे.

सावकार हा मुळात गावाच्या उपयोगाचा माणूस होता, हे विसरता कामा नये. अडीनडीला बी-बियाणे आणि पैसा त्याच्याकडेच मिळे. दोष व्यवहाराच्या रीतीत होता. वही सावकाराची, लिहिणारा सावकार, वाचणाराही सावकार. कर्जदाराचा केवळ अंगठा. समजा, एखाद्याने शंभर रुपये दरमहा दोन टक्के व्याजाने घेतले. वर्षाअखेर व्याज चोवीस रुपये झाले. ते न दिल्यास मुद्दलात मिळवावयाचे, असा करार असला, तर दुसऱ्या वर्षाअखेर कर्ज सुमारे १५४ रुपये आणि तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे १९१ रुपये होते. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! ज्याला आकडे वाचता येतात, तो पहिल्याच वर्षी सावध होईल. ज्याला येत नाहीत, त्याला हे जप्ती आल्यावर कळते. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकरी तर १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध उठले आणि अनेक ठिकाणी त्यांनी कर्जाचे कागद जाळून टाकले. तो सारा रोष त्या कागदांवर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दापुरीच्या घरावर अशीच आपत्ती आली. चंद्रभानजी हे भोळे आणि विश्वासू गृहस्थ होते. नदीकाठची चांगली जमीन घेण्याच्या मोहात पडून ते एका सावकाराच्या व्यवहारात गुंतले. पैसे हप्त्याने फेडावयाचे ठरले. सुगी झाली की चंद्रभानजी रक्कम नेऊन देत, सावकार गोड बोलून ती ठेवून घेई. पावती मात्र मिळत नसे. पावती मागावी, असे तरुण डेबूजीला वाटे. पण ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच्याकडे कागद मागणे मामांना अशिष्टपणाचे वाटले. पुढे एके दिवशी हिशेब समोर आला, तेव्हा दिलेल्या रकमांचा त्यात पत्ताच नव्हता. कर्ज फिटावयाचे राहिले बाजूला, ते डोंगराएवढे झाले होते. जमीन गेली. दोन पिढ्यांचे वैभव एका वहीच्या पानांत नाहीसे झाले. हा धक्का चंद्रभानजींना सोसवला नाही. त्यातच त्यांचा अंत झाला.

आता घरात म्हातारे आजोबा, विधवा मामी, आई आणि मुले. करता पुरुष म्हणावा असा एकटा डेबूजी. त्याने मोलमजुरी केली, दुसऱ्यांच्या शेतांत राबला आणि घर तगवून धरले. असे असता एके दिवशी सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास नांगर-बैल घेऊन आली. डेबूजी वावरात काम करीत होता. ज्या जमिनीचे पैसे मामांनी भरले, ती आमची आहे, असे सांगून तो धुऱ्यावर उभा ठाकला आणि त्याने त्या माणसांना शेतात पाऊल टाकू दिले नाही. सावकार स्वतः आला, तरी तो हटला नाही. त्या काळी सावकारापुढे मान वर करून बोलणे हीच मोठी गोष्ट होती. अखेर सावकारालाच नमते घेऊन तडजोड करावी लागली, असे चरित्रकार लिहितात. दापुरीच्या पंचक्रोशीत या प्रसंगाची पुष्कळ चर्चा झाली. एका निरक्षर तरुणाने धाक झुगारला, याचे लोकांना नवल वाटले. मात्र मामा परत आले नाहीत, आणि पावती घेतली असती तर धुऱ्यावर उभे राहण्याची वेळच आली नसती, ही खंतही गेली नाही.

मामा हयात असतानाच, १८९२ मध्ये, डेबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले होते. पुढे घरात अपत्य जन्मले, तेव्हा बारशाचे जेवण घालण्याची वेळ आली. जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू हवी. डेबूजीने स्पष्ट नकार दिला आणि पंक्तीला गोडधोड वाढले. भाऊबंद रागावले, कुजबुज झाली. पण पाने वाढली गेली होती आणि भूक लागली होती! जेवणे पार पडली. झिंगराजींच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या मुलाने ती जुनी विनवणी अशी पाळली.

या काळात वऱ्हाडावर दुष्काळाचे घाले पडत होते. १८९६-९७ मध्ये एक आणि लगेच १८९९-१९०० मध्ये दुसरा, अधिक भीषण. गावोगावची माणसे पोटासाठी बाहेर पडली, चाऱ्याविना जनावरे मेली. शेतकरी कितीही कष्टाळू असला, तरी एकट्याच्या कष्टाने तो तरत नाही, हे त्या दिवसांत प्रत्येकाने पाहिले. दारू, कर्ज, अज्ञान, अस्वच्छता आणि रोगराई यांनी एकाच वेळी गावाला वेढले होते. आपले शेत निंदून स्वच्छ केले, तरी शेजारच्या वावरातील तणाचे बी वाऱ्याने येतेच.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी घर सोडून निघून गेले. घरी वृद्ध आई, पत्नी आणि मुले होती. या घटनेचे वर्णन करताना पुष्कळदा त्यांच्या वैराग्याचीच स्तुती होते. परंतु त्यांच्यामागे घराचा भार सखुबाई आणि कुंताबाई यांनी वाहिला, हेही तितकेच खरे आहे. त्या माउलींनी दापुरीत जे सोसले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

काही काळ ते अज्ञातपणे गावोगाव भटकत राहिले. मिळेल ते काम करावे, मिळेल ती भाकरी गाडग्यात घेऊन खावी आणि पुढे चालू लागावे. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेमहाराज म्हणू लागले. कोणी चिंध्यांवरून चिंधेबुवाही म्हणत. कोणाचे शेत निंदावयाचे राहिले असेल, तर ते निंदून द्यावे. कोणाची गाडी चिखलात रुतली असेल, तर खांदा लावावा. आणि आभार मानण्यास कोणी वळून पाहीपर्यंत तेथून निघून जावे, असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाचे स्थळ मोठे अर्थपूर्ण आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते आणि भाविक नदीत स्नान करतात. कर्जापायी ज्याच्या घराची धूळधाण झाली, त्या डेबूजीने स्नान करून ऋण फिटते, यावर विश्वास ठेवला नसेल. त्यांचे लक्ष काठावरच्या चिखलाकडे गेले. निसरड्या उतारावरून म्हातारी माणसे घसरत, बायका-पोरे पडत. गाडगेबाबांनी कुदळ-फावडे घेतले आणि वाट नीट करावयास आरंभ केला. त्यांना पाहून इतरही हात लावू लागले. १९०८ मध्ये तेथे नदीला घाट बांधला गेला.

पुढील जवळजवळ अर्धशतक त्यांचा एकच नेम होता. गावात शिरावयाचे ते खराटा चालवीतच. गल्ल्या, चावडी, पाणवठा, उकिरड्यांच्या कडा, सारे झाडून काढावयाचे. प्रथम गावकरी पाहत राहत. मग एखादा मुलगा झाडू घेऊन येई, मग आणखी कोणी, आणि दुपारपर्यंत अर्धे गाव कामाला लागे. त्या काळी पटकी, विषमज्वर यांसारखे रोग गावेच्या गावे रिकामी करीत. घाण पाण्यातून आणि माश्यांमुळे हे रोग पसरतात, हे विज्ञानाने सिद्ध केले होते. परंतु ते ज्ञान खेड्याच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचले नव्हते. बाबांनी ते व्याख्यानाने पोहोचविले नाही, खराट्याने पोहोचविले.

रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. त्यांचे कीर्तन ऐकावयास हजारो लोक जमत. कीर्तनकाराने श्लोक म्हणावा, निरूपण करावे आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्या, ही जुनी पद्धत. बाबांची तऱ्हा निराळी होती. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. बकरे कापून देव प्रसन्न होतो, तर तो देव बकऱ्याचा नाही काय? कर्ज काढून तेरावे घातले, तर ते जेवण मेलेल्याला पोहोचते की व्याज जिवंताला पोहोचते? असा त्यांच्या विचारण्याचा रोख असे. श्रोते हसत, हसता हसता ओशाळत, आणि उत्तर देत. जे उत्तर माणसाने स्वतःच्या तोंडाने दिले, ते त्याला सहजासहजी विसरता येत नाही. मध्येच 'गोपाला'चा गजर सुरू झाला की सारा मेळा एका सुरात गाऊ लागे.

या कीर्तनांतून ते वारंवार जे सांगत, त्याकडे पाहिले म्हणजे दापुरीचे घर पुन्हा डोळ्यांपुढे येते. दारू पिऊ नका. देवाच्या नावाने प्राण्यांची हत्या करू नका. सण आणि लग्न यांसाठी कर्ज काढू नका. मुलांना शाळेत घाला. त्यासाठी अंगावरचे कपडे हलक्या भावाचे घ्यावे लागले तरी चालेल, ताट नसले तर हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शिकवा. स्वतः अक्षरशत्रू असलेला हा माणूस शिक्षणाविषयी बोलू लागला की त्याच्या वाणीला धार चढे. वही वाचता न आल्याने काय होते, हे त्यांना कोणत्याही पंडितापेक्षा अधिक ठाऊक होते. शिवाशिव तर ते मुळीच मानत नसत. कोणी जात विचारली तर ते उडवून लावीत, आणि पाया पडू पाहणाऱ्याला जवळ फिरकू देत नसत.

त्यांच्या शब्दावर लोक पैसा देत. त्या पैशातून त्यांनी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा आणि वसतिगृहे उभी केली. मंदिरे बांधण्यापेक्षा यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर घालणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक अशा क्षेत्री त्यांच्या धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीवरही टेकू देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. विठ्ठलाचे मंदिर त्यांना खुले झाले ते पुढे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ही धर्मशाळा बाबांनी नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयीही त्यांना मोठी आस्था होती. भाऊरावांनी १९५४ मध्ये कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला गाडगेमहाराजांचेच नाव दिले.

आपल्या तालुक्यालाही ते विसरले नाहीत. १९२५ मध्ये मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभारले, तसेच धर्मशाळा आणि विद्यालय बांधले. गोरक्षण म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या आणि भाकड गुरांना चारापाणी देऊन सांभाळण्याचे ठिकाण. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तरच त्याचे महत्त्व कळते. ज्या बैलाने पंधरा वर्षे वखर ओढला, तो थकला की त्याला पोसणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही. आणि दुष्काळात तर चांगली जनावरेही कडब्याअभावी विकावी लागतात. गोठ्यात वाढलेल्या डेबूजीला ही व्यथा कोणी समजावून सांगावयास नको होती.

एवढा पैसा हातून गेला, पण त्यातील एक पैही त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही. स्वतः बांधलेल्या धर्मशाळेतील अन्नाला ते शिवत नसत. बाहेर जाऊन कोणाच्या तरी दारी भाकरी मागत. संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे सोपविला, आणि आप्तेष्टांचा त्यावर कोणताही हक्क असू नये, याविषयी ते कठोर राहिले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या साऱ्या कार्यासाठी गाडगेमहाराज मिशन स्थापन झाले. तोंडी विश्वासावर मामांची जमीन गेली होती. या निरक्षर पुरुषाने आपल्या मागे तोंडी काही ठेवले नाही.

कर्जाचा प्रश्न मात्र केवळ कीर्तनाने सुटणारा नव्हता, त्याला कायदाही हवा होता. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तो मार्ग धरला. ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले आणि शेतकऱ्यांच्या कर्जाची तडजोड व्हावी, यासाठी झटले. १९३३ मध्ये त्या प्रांतात कर्ज-लवादाचा कायदा झाला. स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणूनही त्यांनी पुढे दहा वर्षे काम केले. महाराष्ट्रात २०१४ पासून लागू असलेल्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, मिळालेल्या रकमेची पावती देणे सावकारावर बंधनकारक आहे, आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत मिळू शकते. चंद्रभानजींना यांतील एकही आधार नव्हता. तरीही वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे कर्ज संपलेले नाही. पाऊस आजही लांबतो, कापसाचा भाव आजही दूरच्या बाजारांच्या चढउतारांबरोबर हलतो, आणि पूर्णेकाठच्या विहिरी आजही खाऱ्याच आहेत.

१९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ, खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी, बाबांनी धर्मशाळा बांधविली. तेव्हा त्यांचे वय अठ्याहत्तर वर्षांचे होते आणि प्रकृती ढासळत चालली होती. तरी त्यांचे फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्यानंतर ते वऱ्हाडात परतले. २० डिसेंबर १९५६ रोजी, मोटारीने अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांचा अंत्यविधी झाला. त्यासाठी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या, सायकली आणि पायी अशी माणसांची रीघ लागली होती. जेथे त्यांची समाधी आहे, त्या वस्तीला लोक गाडगेनगर म्हणतात. अमरावतीच्या विद्यापीठालाही आता त्यांचेच नाव आहे.